जैबुनवहिनीचा भाता

"लाव की नाक, केरबा. हिचा जीव एकदा शांत कर," दस्तगीर म्हणला आन् त्यानं पिकअपच्या केबिनचं दार ताणून उघडून धरलं.

मी वाकलो. पायाखालच्या पत्र्याजवळ नाक नेलं, डोळं मिटलं, दोनदा लांब हुंगलं. मग सीटच्या मागं, मग टाकीच्या कडेनं, मग पार मागच्या फळीपर्यंत. माझी रीतच हुती तशी. उत्तूरच्या फाट्यावर माझं गॅरेज, आन् नाव निघायचं ते हातावरनं न्हाई, नाकावरनं. धूर हुंगून सांगायचो, ऑइल जळतंय का पेट्रोल जास्त जातंय. लोक लांबनं गाडी ढकलत आणायचे आन् म्हणायचे, मिस्त्री, खोलू नका, आदी नाक लावा.

"काय न्हाई," मी म्हणलो.

दस्तगीर कल्हईवाला. बापापासनं धंदा तोच. गावोगाव फिरून पितळी भांड्यांना कल्हई करायचा. पेट्रोलवरचा जुना पिकअप त्यानं कुणाकडनं तरी घेतला हुता; तसले पिकअप आता बघाय बी मिळत न्हाईत. मागं हौद्याला लाकडी फळ्या, आन् हौद्याच्या खाली, केबिनच्या पाठीला चिकटून टाकी. दसऱ्याचा आठवडा हुता. घरोघर भांडी निघालेली. त्या दिवशी बोरवाडीत त्याचा मुक्काम ठरलेला.

त्याची बायको जैबुन रस्त्यापलीकडं बाभळीखाली उभी. सातवा महिना चालू. पदर नाकाला लावलेला.

"ऐकलंस का गं?" दस्तगीर ओरडला. "काय न्हाई म्हणत्यात."

"पंधरा दिवस झालं, भाऊजी," ती तिथनंच म्हणली. "गाडीत बसलं की डोक्यात घुसतोय वास. आज तर टाकी फुल केलीया, आज लई हाय."

"हिला भात शिजला तरी वास येतोय," दस्तगीर मला डोळा घालून म्हणला. "परवा माझ्या टोपीला वास येतोय म्हणून टोपी धुतली. दोनदा."

"सातव्यात आसं हुतंच," मी म्हणलो. "आमची सरू साबणाला भ्यायची. आठ दिवस मी नुसत्या पाण्यानं आंघूळ केली."

आमी दोघं हसलो. ती हसली न्हाई.

"नीट बगा की, भाऊजी. तुमचं नाक सांगंल ते मी ऐकीन, आसं ह्यास्नी बोललीया. म्हणूनच आलोय हितं."

मग मी गाडीखाली गेलो. पाठ टेकून सरकलो, टाकीला बोट फिरवलं. थेंब न्हाई, ओल न्हाई. इंजिनाकडं जाणारा पाइप चाचपला, कोरडा ठणठणीत. टाकीच्या वर दिसत नव्हतं, फळी आन् टाकी यात हात शिरंल एवढीच जागा. तिथं खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. नुसती धूळ. हात काढला, बघितला. कोरडा.

बाहेर येऊन हात झटकला तर दस्तगीर हौद्यावर चढलेला. "ही माझी नवी युक्ती बघितलीस का?"

हौद्यात केबिनच्या बाजूला त्यानं पत्र्याची परात ठोकून बसवलेली. तीत माती, मातीत कोळशाची भट्टी, आन् भट्टीला हातानं फिरवायचा पंखा. एरवी कल्हईवाला जमिनीत खड्डा खणतो, शेजारी कातड्याचा भाता लावतो आन् बायको उकिडवी बसून भाता मारती. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या तसंच.

"तिला आता वाकवत न्हाई," दस्तगीर हळू म्हणला, ती ऐकणार न्हाई आसं. "म्हणून वर घेतली भट्टी. खाली उभं ऱ्हायचं आन् पंखा फिरवायचा. महिना झाला, एकदा बी पाठ दुखली न्हाई म्हणती."

"डोकं चालवलंस लेका," मी म्हणलो.

खोटं न्हाई सांगत, आसंच म्हणलो. टाकी त्या भट्टीच्या बरोबर खाली हाय हे मला दिसत हुतं. पण टाकी कोरडी, गाडी कोरडी, मग भ्यायचं कशाला? आसा माझा हिशोब.

"जावा बिनघोर," मी जैबुनवहिनीला हाक मारून म्हणलो. "गाडीत काय दोष न्हाई. दोष पोटातल्याचा हाय, तो दोन महिन्यानं बाहेर यील."

दस्तगीर खदाखदा हसला. ती रस्ता ओलांडून चार पावलं पुढं आली. माझ्याकडं बघत ऱ्हायली. बारकी बाई, पण डोळं आसं की आपल्या सदऱ्याचं बटण नीट लागलंय का बघावं वाटायचं.

"भाऊजी, तुमी वास घेतला, का नुसता श्वास घेतला?"

"जैबुन!" दस्तगीर डाफरला. "कुणाशी बोलतीयास?"

तेवढ्यात एस्टी आली, आन् हात करून ती चढली बी. नवऱ्याची गाडी समोर उभी आन् बाई एस्टीनं चालली. दस्तगीरचं तोंड कडू झालं. धाडकन दार लावून त्यानं गाडी काढली.

मी एका ट्रॅक्टरचा पंप खोलून बसलो. पण ते वाक्य काय डोक्यातनं जाईना.

दुपारी सरू भाकरी घेऊन आली. माझी बायको. फडकं सोडलं आन् थांबली.

"हात धुवून बसा की. आन् सदरा काय पेट्रोलात बुडवलाय व्हय?"

"कुटं?"

"ही काय बाही. हितं पातुर भपकारा येतोय."

"डिझेल आसंल. सकाळपासनं ट्रॅक्टरलाच हाय मी."

"तेवीस वर्सं धुतीया तुमचं सदरं. डिझेल कुटलं आन् पेट्रोल कुटलं मला कळत न्हाई व्हय?"

मी बाही नाकाला लावली. गच्च दाबली. श्वास आत गेला, बाहेर आला. नुसती हवा.

सरू माझ्याकडं बघत हुती. खाली बसली आन् एकदम हळू म्हणली, "तुमास्नी वास येत न्हाई."

मी बाही खाली सोडली.

"शिमग्यातल्या तापापासनं ना? परवा आमटी करपली, तुमी चुलीम्होरं बसून बिडी वडत हुता. मी म्हणलं, भांडण नको म्हणून गप बसलं आसतील."

खरं हुतं. शिमग्यात आठ दिवस ताप आला, ताप गेला तो नाक घेऊनच गेला. आज यील, उद्या यील म्हणत सात महिने काढले. गिऱ्हाईक आलं की वाकायचं, डोळं मिटायचं, हुंगायचं, आन् कानानं, बोटानं जे कळंल त्याच्यावर बोलायचं. बहुतेक बरोबर यायचं. कुणाला सांगितलं न्हाई. नाकवाला मिस्त्री नाकाबिगर म्हणजे काय? सरूला सुदीक सांगितलं न्हाई.

"आज पेट्रोलची गाडी कुटली आलती?" तिनं विचारलं.

एकच. आन् त्या एकाच गाडीच्या टाकीवर मी खांद्यापर्यंत हात घातला हुता. हातावरचं पेट्रोल उडून जातं. धुळीत मुरतं. कापडात ऱ्हातं.

भाकरी तशीच ठिवली. फटफटीला किक मारली. सरू मागनं काय तरी म्हणली, ते ऐकाय थांबलो न्हाई.

फाट्यापासनं बोरवाडी आठ मैल, रस्ता कच्चा. सारखं एकच डोळ्याम्होरं. टाकीतनं पेट्रोलची वाफ निघाली तर ती वर जात न्हाई, धुरासारखी. जड आसती. खाली बसती, फळ्यांच्या फटीत साठती, वाट बघती. आज टाकी फुल, ऊन कडक, वर कोळसा पेटवलेला, आन् त्या कोळशाला बाई हातभर अंतरावर उभी राहून वारा घालतीया. पोट घेऊन. आन् बिनघोर जावा म्हणून मीच सांगितलेलं.

शेवटच्या चढावर आलो आन् गावावर धूर दिसला. पांढरा, गच्च. कल्हईत नवसागर टाकला की पांढराच धूर निघतो, तिखट, डोळ्यात पाणी आणणारा. एरवी मैलावरनं मी सांगितलं आसतं, नवसागर हाय का रबर जळतंय. त्या दिवशी नाक फुगवून फुगवून श्वास घेतला. काय कळंना. मोठा माणूस मी, पण मला रडू आलं.

देवळाम्होरच्या पटांगणात पोचलो. पिकअप पाराला लावलेला, धड. धूर येत हुता तो पार दुसऱ्या टोकाकडनं, चाळीस-पन्नास पावलांवरनं. जमिनीत खड्डा खणलेला, त्यात कोळसा लाल. आन् खड्ड्याशेजारी जैबुनवहिनी एक पाय लांब करून, एक दुमडून बसलेली, दोन्ही हातानं कातड्याचा भाता मारतीया. चेहरा घामानं निथळलेला, हाताला कोपरापर्यंत माती. दस्तगीर समोर सांडशीत हंडा धरून, तोंड फुगवून. भोवती बायका भांडी घेऊन.

"इझवा!" मी फटफटी तशीच टाकून पळालो. "आदी कोळसा इझवा!"

"काय झालं रं?" दस्तगीर उठला.

"भट्टी वर नव्हती पेटवली ना? हौद्यावर?"

"पेटवू देती व्हय ही!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "तू सांगितलंस काय न्हाई, तरी एस्टीतनं उतरली ती हौद्यात उभी ऱ्हायली. म्हणती, पेटवायची तर माझ्यासकट पेटवा. म्हणलं, तुला खालीच पायजे ना, मग तूच खण खड्डा. तूच मार भाता. मी हात लावणार न्हाई."

"मग?"

"मग काय. खणला तिनं."

खुरपं बाजूला पडलेलं. माती कडक, मुरमाड. मी तिच्याकडं बघितलं. तिनं भाता थांबवला न्हाई. मधीच हात काढला तर हंड्यावरचं कथील डागतं, म्हणून मारतच हुती.

बायकांनी दोन घागरी ओतल्या. कोळसा चरचरला. पिकअप आमी हातानं ढकलत पार गावाबाहेरच्या खळ्यावर नेला. मी पाना काढला आन् हौद्यातली ती परात सोडवली. खालच्या दोन फळ्या उचकटल्या. फळीच्या खालच्या अंगाला काळा गोल डाग पडलेला, ताटाएवढा.

"आता हुंग," दस्तगीर म्हणला. आवाजातला ताव गेला हुता.

गाव जमलेलं. पोरंटोरं, बायका, पारावरची म्हातारी माणसं. मी पाना खाली ठिवला.

"मला वास येत न्हाई," मी म्हणलो.

"म्हंजी हाय का न्हाई?"

"तसं न्हवं रं. मलाच येत न्हाई. कसलाच. शिमग्यापासनं."

कुणी तरी फिस्सकन हसलं. दस्तगीर दोन पावलं माझ्याकडं आला. मला वाटलं, आता ह्यो मला मारतोय. मारलं आसतं तर बरं झालं आसतं. पण तो मागच्या चाकावर हात ठिवून उभा ऱ्हायला आन् म्हणला, "मला बी न्हाई, केरबा. नवसागरानं खाल्लंय. धा वर्सं झाली. हिला ठावं हाय."

हंडा घेऊन आलेली एक म्हातारी हुती, दात न्हाई, आवाज मातूर खणखणीत. ती म्हणली, "अगं बया! दोन बाप्ये बिननाकाचे, आन् नाकवालीला खड्डा खणाय लावलाय!"

लोक हसले. आमी दोघं मान खाली घालून.

"वहिनी," मी म्हणलो, "तुमी सांगा कुटनं येतोय. मी हात लावतो."

ती हळूहळू चालत आली. पोटाखाली एक हात. मला वाटलं, दमलीया.

टाकीत हवा घालायची हुती, म्हणजे वाफ कुटनं निघती ते दिसंल. पण पंपानं न्हाई. पंपाचा जोर जास्त, जुनं रबर फाटायचं. म्हणून त्यांचाच भाता घेतला. नळीला ओलं फडकं गुंडाळून टाकीच्या तोंडात बसवली. दस्तगीरनं भाता धरला. त्याचा हात त्यातला. आसा हलकं दाबायचा की भाता झोपेत श्वास घेतोय वाटावं.

जैबुनवहिनी हौद्याच्या कडेला वाकली. "हितं न्हाई... पुढं. अजून. डाव्या हाताला... थांबा. हितंच. आई गं, हितंच हाय."

साबणाचा फेस करून घेतला हुता, तो मी तिथं सोडला. टाकीच्या माथ्यावरनं हवा जायला एक रबरी नळी आसती, करंगळीएवढी. तिच्यावर फेस बसला. दस्तगीरनं भाता दाबला. फेसात एक बुडबुडा फुगला, फुटला. परत दाबला, परत फुगला. रबर भाजून कडक झालेलं, वाकात चीर गेलेली. फळीवरचा काळा डाग बरोबर त्याच्या वर.

दस्तगीरनं डाग बघितला, नळी बघितली. तिची पाठ दुखू नये म्हणून वर घेतलेली भट्टी. महिनाभर त्या भट्टीनंच ही नळी शेकली हुती. पंधरा दिवस वाफ निघत हुती, आन् तेवढे दिवस टाकी कधी निम्मीच्या वर भरली न्हाई म्हणून तिघं जिते हुते.

"जैबुन," तो म्हणला. भाता त्यानं खाली ठिवला.

ती ऐकत नव्हती. हौद्याची कड दोन्ही हातानं घट्ट धरलेली, डोळं मिटलेले, ओठ पांढरे. म्हातारीनं हंडा टाकला आन् तिला कवळ्यात घेतली. "आरं गाडी बगा, गाडी! हिला कळा सुटल्यात."

पिकअप समोर उभा, आन् त्यात तिला घालता येत नव्हतं. गावातल्या एकाची जीप काढली. मी चालवली. मागं म्हातारी म्हणत हुती, धर बाळा, धर. दस्तगीर तिच्या पायाशी बसून मातीनं भरलेले हात पुसत हुता, आपल्याच टोपीनं.

दिवस मावळायला तालुक्याच्या दवाखान्यात पोरगी झाली. दोन हातात मावंल एवढी. आठव्या दिवशी गेली.

डॉक्टरीणबाई चांगल्या हुत्या. मी दारात उभा ऱ्हायलेला बघून म्हणल्या, आसं हुतं कधी कधी, खड्डा खणला म्हणूनच झालं आसं म्हणता येत न्हाई. त्या शिकलेल्या. पण ती मुरमाड जमीन मी बघितली हुती.

दस्तगीर माझ्याकडं वर्सभर आला न्हाई. नळी त्यानं दुसरीकडनं बदलून घेतली म्हणं. माझ्या गॅरेजची गिऱ्हाईकं निम्मी झाली. बोरवाडीची गोष्ट गावागावात पोचली हुती, थोडी मीठ लावून. सरू म्हणायची, जाऊन भेटा. मी रस्त्याला लागायचो आन् फाट्यावरनं परत यायचो.

पुढल्या दसऱ्याच्या आदी, सकाळच्या पारी पिकअप आला. दस्तगीर खाली उतरला न्हाई, समोर बघत बसला. जैबुनवहिनी उतरली. हातात तो भाता.

"चहा टाकतो, वहिनी," मी म्हणलो.

"नको. बाजार गाठायचाय." तिनं भाता माझ्या बाकड्यावर ठिवला. "आमी आता खालीच भट्टी लावतोय, पण पंख्यावर. ह्यो घरात दिसला की ह्यास्नी जेवण जात न्हाई. टाकवत बी न्हाई, सासऱ्याचा हाय. तुमाला कामाला यील."

सहा-सात वाक्यं वर्सभर घोकून ठिवली हुती, त्यातलं एक तोंडातनं निघंना.

ती वळली, परत थांबली. रागानं न्हाई म्हणली. वाणसामान सांगावं तशी म्हणली:

"भाऊजी, त्या दिवशी तुमी नुसतं 'मला कळंना' म्हणला आसता, तरी ह्यांनी ऐकलं आसतं."

आन् जाऊन गाडीत बसली. पुढं, नवऱ्याशेजारी.

त्याला आता सव्वीस वर्सं झाली. गॅरेज हाय, भाता बी हाय, भिंतीला खिळ्यावर. टाकीतनं वाफ जाती आसं कुणी म्हणलं की तोच काढतो, नळीला ओलं फडकं गुंडाळतो, आन् गाडीत रोज बसणाऱ्या बाईमाणसाला पुढं बोलावतो. नवरे हसत्यात. हसू देत. कातडं दोनदा बदललंय, लाकूड तेच. लोक म्हणत्यात, मिस्त्री, ह्याला अजून नवसागराचा वास मारतोय.

मारत आसंल. मला कळत न्हाई.